तीन फूट डावीकडे

दरवाज्यापासून चाळीस पावलांवर
जेसीबीचा दात खट्ट वाजला
आणि इद्रिसनं मशीन बंद केलं.
खडक असता तर केलं नसतं.

खाली खापरी नळ, चुन्यात बसवलेला,
वरून टवका उडालेला,
आत पाणी.
वाहू लागलं होतं गुमान,
ड्यूटी संपल्याचं कुणी सांगितलंच नाही तसं.

माझ्या नकाशावर इथं
निळी सरळ रेघ होती फक्त.
नऊशे मिलिमीटर. मुदत मार्चअखेर.

"मॅडम, पाणी लागलं का?" गच्चीवरून पठाडेकाकू.
"लागलं, पण आपलं नाही."
बोलून गेले, मग दिवसभर टोचत राहिलं.
काकूंचा आज अकरावा दिवस.
ड्रम तळाला, नातीचं डोकं धुवायचं राहिलेलं,
टँकरवाला फोन उचलेना.
कुठल्या तोंडानं सांगू
की खड्ड्यात जुनं काही निघालं म्हणून काम थांबलंय?

साहेब म्हणाले, "फोटो काढला का कुणी?
नाही ना? बुजवा."
पुरातत्त्वचे म्हणाले, हात लावू नका,
सोमवारनंतर कळवतो.
कुठला सोमवार, ते नाही म्हणाले.

खाजामियाँ, रिटायर वॉलमन,
सायकल टेकवून खड्ड्यात उतरले.
ओंजळ भरली. चव घेतली. थुंकले नाहीत.
"डोंगराचं आहे, धरणाचं नाही."
मग माझ्याकडं बघून,
"तुमच्या पाइपाला वळता येतं का, बाई?"

येतं.
दोन एल्बो, एक जोड, तीन फूट डावीकडे.

तीन फूट डावीकडे बाबूलालची टपरी, इस्त्रीची.
नहर चारशे वर्षांची, टपरी एकोणीस,
त्याचा हिशेब कुणी मांडला नाही. मीही नाही.
पत्रे निघाले, फळी निघाली.
इस्त्री त्यानं शेवटी उचलली,
कोळसा अजून लाल होता.

'विलंबाचे कारण' या रकान्यात
आधी 'अडथळा' लिहिलं. खोडलं.
लिहिलं: जुनी लाईन, चालू.

काकूंच्या नळाला जुलैत पाणी आलं,
पहिला अर्धा तास लालसर.

बाबूलाल आता दरवाज्याच्या कमानीत बसतो,
सावली चांगली आहे, म्हणतो.
डोक्यावर आमच्याच खात्याची नवी पाटी:
संरक्षित वास्तू. येथे व्यवसाय करू नये.
पाटीच्या खिळ्याला
एक पांढरा शर्ट लटकतोय,
कडक, घडी न मोडलेला.
माझाच आहे बहुतेक,
शनिवारी टाकला होता.