एकास पस्तीस

गंजगोलाईच्या मागं, जिन्याखाली माझी लॅब.
दिवसभर परक्यांचे दात घडवतो,
आधी मेणात, मग गुलाबी अ‍ॅक्रिलिकात.
डॉ. बिडव्यांचे पेशंट, डॉ. लोहाड्यांचे पेशंट.
चेहरे मला दिसत नाहीत,
प्लास्टरचे जबडे येतात पिशवीतून, नावाची चिठ्ठी डकवून.
रात्री शटर अर्धं ओढतो
आणि रणगाडा काढतो.

पुण्याहून कुरिअरनं आलेला खोका.
घरी किंमत सांगितली, तिच्यात एक शून्य कमी.
आत हिरवट प्लास्टिकचे सांगाडे,
ताटात माशाचे काटे उरावेत तसे,
आणि एकेका काट्याला चिकटलेलं चाक, झाकण, कडी,
एक कुदळसुद्धा, तांदळाएवढी.
कागद जपानी. चित्रं कळतात:
बाण कुठून कुठं, काय आधी,
कुठं वाळेपर्यंत थांबायचं.

शेरमन. एकास पस्तीस.
पोरानं हिशेब केला, "मग पप्पा, तुम्ही एकशे नव्वद फूट."
त्या रात्री जिना चढताना
मी उगीच जरा वाकलो.

पट्ट्याचे दुवे एका बाजूला एकोणऐंशी.
दाढा घासायच्या कानशीनं एकेक घासला.
अठ्ठ्याहत्तराव्याला लाइट गेली.
पाऊण तास तो दुवा चिमटीत धरून बसलो,
पडला असता तर सकाळी केरात गेला असता.

अडलो ते रंगाशी.
बाटलीवर नंबर असतो, खात्री नसते.
एक फोटो म्हणतो शेवाळी, दुसरा म्हणतो मातकट,
आणि फोटो तर सगळे काळे-पांढरे.

तेवढ्यात मेहताबसाब आले,
डॉक्टरला वगळून थेट, कवळी टोचते म्हणून.
मूळचे नळदुर्गाकडचे. अठ्ठेचाळीसला सात वर्षांचे.
मी हातातली कवळी तशीच ठेवली, विचारलं,
साब, पुलाकडनं रणगाडे आले तेव्हा
रंग कसा होता?

ते बराच वेळ तोंड हलवत राहिले,
दातांशिवाय, शब्द चघळल्यासारखं.
"देख्याच नै बेटा मैं. पेवमें था.
अम्मानं उतरवलं, वर फरशी, फरशीवर कडबा.
जवारीत गळ्यापर्यंत.
आवाज सुना, बस.
जमीन के दात बज रहे थे."

मला पुढं विचारता आलं नाही.
त्र्याण्णवच्या त्या पहाटे मी सास्तूरला होतो, मामाकडं.
गणपती बुडवून झोपलेलो.
लोक अजून विचारतात, काय पाहिलंस?
भांड्यांच्या फळीचा आवाज. मग धूळ तोंडात.
पाहिलं असं काहीच नाही.

पेवातून कधी काढलं, वर आल्यावर
घरात कोण होतं, कोण नव्हतं,
ते त्यांनी सांगितलं नाही.
मी कवळीचा टोचणारा कोपरा घासला,
पाण्यात बुडवून हातात दिली.
त्यांनी बसवली. दोनदा तोंड मिटलं.
टक. टक.
मग फळीकडं बोट केलं, "वो देव."

तळहातावर घेतला,
बाजारात जवारीची मूठ तोलतात तसा तोलला.
"इत्ताच?"
टेबलावर ठेवून एका बोटानं ढकलला.
चाकं फिरली नाहीत,
खालच्या पेपरासकट अख्खाच सरकला.
"चलता नै?"
"नाही साब. पट्टे चिकटवलेत."
"अच्छा किया."

पैसे मोजले, वीस कमी भरले,
जुम्म्याला देतो म्हणाले. दिलेही.

रणगाडा फळीवर आहे.
राखाडी अस्तराचा हात दिलाय, त्यावर काही नाही.
बाटली फोडलेली नाही.
पोरगा दर रविवारी विचारतो, रंग कधी?
वाळतोय, म्हणतो.