वाढणं

व्होल्टा सरोवराच्या काठाशी
बांबूला ताणलेले जाळीचे बारा चौकोन.
प्रत्येकात तिलापियाची दोनशे पिल्लं,
नखाएवढी. ओंजळीत घेतली
तर ओंजळीतलं पाणीच जड वाटावं.

एसिनाम डब्यांवर खडूने लिहिते:
दोन. चार. सहा.
खाद्य सगळ्यांना तेवढंच, तोलून,
फक्त घास निरनिराळे पाडलेले.
कुणाला सकाळी आणि संध्याकाळी, भसकन,
कुणाला ऊन सरकेल तसं
चिमूट, चिमूट.

दोनवाल्यांच्या चौकोनात पाणी उकळतं,
क्षणभरच.
धटिंगण वर,
बारके त्यांच्या पोटाखालच्या सावलीत.
उरलेलं खाद्य भिजतं, तळाकडे निघतं
सावकाश,
जसं तिच्या वडिलांचं गाव
धरण भरलं त्या वर्षी गेलं होतं,
चुलींसकट.

एसिनामच्या घरी एकच वाडगा होता,
आक्प्लेचा. सात हात.
ज्याची बोटं भाजत नाहीत तो आधी जेवतो.
पाठचा एलिकेम फुंकर मारत बसायचा.
त्याची फुंकर संपेपर्यंत
वाडग्याची माती दिसू लागायची.
अजूनही शर्टाच्या बाह्या
तो दोनदा दुमडतो.

आठव्या आठवड्यात तराजू आला.
दोनवाल्यांत एक पोर तळहाताएवढं,
त्याच्या शेजारी एक अजून नखच.
सहावाले मात्र
एका साच्यातून काढल्यासारखे.
थोडं थोडं, पुन्हा पुन्हा वाढलं
की सगळेच वाढतात.
एवढं कळायला
तराजू कशाला लागला, तिला वाटलं.
पण वहीत तिने फक्त आकडे लिहिले.

आग्बेन्येगा साहेबांनी वही उलटीसुलटी पाहिली.
चार आणि सहा यांच्यात
फरक नगण्य, ते म्हणाले.
नगण्य,
पुन्हा एकदा म्हणाले,
आणि दोन फेऱ्या खोडल्या,
दुपारची एक, उन्हं कलतानाची एक.
तिच्या रोजातून तेवढे तास.
चूक नव्हतं काहीच.
खाद्याचं पोतं महाग, माणूस महाग,
आणि मासे तर वाढतच होते.
एसिनाम पहाटे एकदा जेवते, रात्री एकदा.
म्हणजे ती दोनवाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला
ती जाळ्याचं एक भोक शिवत बसली होती.
सहावाल्यांच्या चौकोनात
तिच्या बाजूच्या काठाशी
तोंडं जमू लागली,
शेकडो छोटे उघडे गोल.
वेळ त्यांना पाठ झाली होती,
वही नव्हती.
तिने रिकामा हात पाण्यात घातला.
बोटांना कालच्या खाद्याचा वास असणार,
ती आली, नखांना टोचून पाहू लागली,
आणि बराच वेळ
गेली नाहीत.

रात्री तिने आक्राला फोन लावला.
जेवलास का रे?
आधी नुसती फुंकर ऐकू आली.
मग एलिकेम म्हणाला,
अजून गरम आहे.