उशिरा हसणारी

बदलीच्या कागदावर तीन वर्षं होती.
एकोणीस झाली.
अकोल्याहून आणलेलं पितळी कुलूप
वडगावच्या या कडीला कधी नीट बसलंच नाही.
दार नुसतं ओढून घेते
आणि निंगव्वाच्या मागं निघते,
काखेत पोतं, पदरात चुरमुरे.

नऊला गल्लीतले माग थांबतात.
थांबतात म्हणजे,
कानात चालूच असतात,
खटक्-खट, खटक्-खट,
त्या ठेक्यावर आपलं पाऊल पडतं
हे मला इथं आल्यावर दुसऱ्या पावसाळ्यात कळलं.
देवळापुढं चार टेबलं जोडलेली.
वर शाळेची सतरंजी, तिच्यावर शाईचे जुने डाग.
आज सण्णाट.

पहिल्या वर्षी मी शेजारच्या तोंडाकडं बघून हसायचे.
एक मात्रा उशिरा,
पार्सलनं आलेल्या फराळासारखं, मऊ पडलेलं हसू.
निंगव्वा कानात सांगायची, तिच्या मराठीत:
"नवरा म्हणूलालाय, म्हशीला विचार."
तोवर नवरा पुढं गेलेला असायचा,
म्हैसपण.

बँकेत मी "मोजून राहिले" म्हटलं
की सातेरी पाटील रबर स्टँप खाली ठेवून हसायचा.
"राहिलात कुठं मॅडम? मोजूलालोय म्हणा की."
आणि खिडकीपलीकडून विड्याचं तोंड सावरत कुणी विचारायचं,
"एणसाकत्तीरेन्री?"
एकाच गड्डीवर तीन चालू वर्तमानकाळ.
नोटा मात्र शंभरच भरायच्या.

चौथ्या वर्षी बसलिंगनं बायको केली होती.
मिशी काढलेला ओठ हिरवट,
अंगावर खण, खाली फाटकं लुगडं.
नवरा तीन म्हशींच्या बढाया मारून दमला
तेव्हा ती कमरेवर हात ठेवून म्हणाली,
"मनियाग हालिल्ल."
अख्खं मैदान हसलं.
मीही हसले, त्यांच्याबरोबर, नेमक्या क्षणाला,
कुणाच्या तोंडाकडं न बघता!
निंगव्वानं मांडीवर थाप मारली: "कळलं की हो तुम्हाला!"

कळलं होतं ते असं:
फाटक्या लुगड्यातली बाई सांगतेय,
घरात हाल नाहीत.

सकाळी गवळी आला, भांड्यावर माप आपटून म्हणाला,
हालु.
मी पातेलं धरून उभी.
घरात दूध नाही, एवढंच म्हणाली होती ती.
तीन म्हशी असून.
कुणाला सांगितलं नाही.
चहा केला, आणि गॅसजवळ एकटीच हसले,
तेही उशिरा.

नोव्हेंबरात कधी बस हद्दीवर अडकतात,
पाटीवरच्या अक्षरांवर कुणी डांबर फासतं.
त्या रात्री टेबलं जोडली जात नाहीत.
निंगव्वा भिंतीवरून कडक भाकरी देते, शेंगाचटणी,
आणि दोघी बोलतो ते
मिठाबद्दल.

आज बसलिंगचे दात गेलेत. बायको तोच.
हिम्मेळ त्याच्या ओळीची शेपटी उचलतो
आणि वर, आणखी वर,
जिथं माझा श्वास कधीच पोचणार नाही तिथं नेऊन ठेवतो.
पेटीवाल्याच्या कपाळावर घाम, गळ्यात मफलर.
मी मिरची भजी दोन्ही हातांनी धरून बसलेय,
खायची विसरून.

शेजारी सुजया. नंदुरबारची, बँकेत नवी,
बदलीच्या कागदावर तीन वर्षं.
ती माझ्या तोंडाकडं बघतेय.

बसलिंगनं कमरेवर हात ठेवला.
मला वाक्य माहीत आहे, दूध माहीत आहे,
तरी दर वेळी आधी ते फाटकं लुगडंच ऐकू येतं,
मग म्हैस.
मी दोनदा हसते.

"काय म्हणाली ती?" सुजया विचारते.
आता कोणतं सांगू?
एक सांगितलं. मग म्हटलं थांब,
आणि दुसरंही सांगत बसले,
चुरमुऱ्यांचा पुडा तिच्या हातात देत,
निंगव्वा श्श करेपर्यंत.

तोवर नवरा पुढं गेला होता.
म्हैसपण.