भात शिजेपर्यंत

बटण दाबायचं, आधण ठेवायचं,
तांदूळ धुऊन वैरायचे,
आणि भाताला उकळी फुटते तेव्हा
पडद्यावर कंपनीचं नाव उमटतं.

तेरा वर्षांचा लॅपटॉप.
अब्बांच्या सामानातून आला कुवेतहून,
दूध पावडरच्या डब्यांमध्ये, ब्लँकेटच्या घडीत.
बिजागरीला गंज. साखरी नाट्याच्या खाऱ्या हवेनं
तीन अक्षरं कायमची बसली,
त्यातलं एक माझ्या नावातलं.

बर्फाच्या कारखान्याचे हिशेब मिळालेत मला.
किती लाद्या गेल्या, कुठल्या होडीला,
किती उधारीत, किती नुसत्याच वितळल्या.
मुश्ताकभाईंनी विचारलं, घरी कॉम्प्युटर आहे ना?
आहे म्हटलं.
कसा आहे ते सांगितलं नाही.

शुक्रवारी दुपारी बसले यादी उघडून.
एकशे चौदा नावं,
आम्ही बोलावलेलं त्यात एकही नाही.
जेटीवर पाटी ओतली की आई जशी बसायची,
कोळंबी एका बाजूला, मांदेली एका बाजूला,
बाकीचं खताला,
तशीच बसले. फक्त हाताला वास नाही.

पहिला गेला व्हायरसवाला राखणदार.
तीस दिवसांसाठी ठेवलेला फुकट,
तेरा वर्षं रोज ओरडतोय: तुम्ही धोक्यात आहात!
पगार नाही, हत्यार नाही, हटत नाही.
मग तबकड्या भरायचं काहीतरी.
तबकडीचा खण कधीच निखळला,
त्यात आई शिवणाच्या टाचण्या ठेवते.
मग गोल्फ.
आमच्या सड्यावर पावसात काय कमी हिरवळ असते?
पण भोक पाडून चेंडू घालायचं
कुणाच्या डोक्यात आलं नाही अजून.

अब्बा खुर्ची ओढून शेजारी.
प्रत्येक नावाला एकच:
"असू दे की. भाडं मागतंय का तुझ्याकडे?
दिनार मोजलेत मी, सगळ्याचे मिळून."
मी म्हटलं, अब्बा, जागा खातायत.
"एवढ्याशा डब्यात कसली जागा!"
बावीस वर्षं एका खोलीत सहाजण राहिलेला माणूस.
त्याला मी जागेबद्दल सांगत होते.

एका प्रोग्रामनं जाता जाता चौकट उघडली:
खरंच काढायचं आहे?
हो.
नक्की?
हो.
मग एक केविलवाणा चेहरा, आणि खाली
आमचं काय चुकलं, कृपया कळवा.

मी फुलीकडे बाण नेला.
अब्बांनी मनगट धरलं.
चष्मा कपाळावरून खाली घेतला,
पुन्हा वाचायला लावलं, मराठीत.

"विचारतायत?"
विचारतायत.
"म्हणजे काढण्याआधी विचारतायत?"
सगळ्यांनाच विचारतात अब्बा, मशीन आहे ते.

थोडा वेळ काही बोलले नाहीत.
बाहेर कुणी तरी इंजिन चालू करून बघत होतं,
धरत होतं, सुटत होतं.
"आमच्या वेळी लिफाफा होता," म्हणाले.
"दुकानाची किल्ली टेबलावर ठेवा,
गुरुवारचं विमान."

मग मला म्हणाले, लिही.
काही चुकलं नाही तुमचं.
घर लहान आहे.
आणि सलाम लिही खाली.

मी लिहिलं. एक अक्षर बसलेलं म्हणून
सलाम अर्धवटच गेला,
कुठे गेला कोण जाणे,
ती कंपनी तरी आहे का अजून.

संध्याकाळपर्यंत सत्तावीस उरले.
हवामानाची खिडकी राहिली चुकून.
तिला साखरी नाटे सापडत नाही, राजापूरही नाही,
ती अजून कुवेतचंच सांगते: सेहेचाळीस, धूळ.
अब्बा येता-जाता बघतात,
आणि आपल्या पंख्याचा वेग वाढवतात.

रात्री बंद करून पुन्हा लावला.
आई तांदूळ वैरून वळली
तोवर पडदा उजळून वाट बघत होता.

"बघ," अब्बा म्हणाले, "घाई केलीस.
आता भात होईपर्यंत करायचं काय?"

मी लाद्या लिहायला घेतल्या.