दुसऱ्या बाजूचं मीठ

खाण बंद झाली त्याला नऊ वर्षं झाली.
पाणी कुणी बंद केलं नाही.
ते येतच राहतं सातशे मीटरवरून,
कोमट, करडं, समुद्राहून खारं.
उपसा थांबला तर शेजारची चालू खाण बुडेल,
म्हणून पंप चालू, म्हणून मी चालू,
रात्रपाळीची त्रूदा, पडद्यांच्या शेडमध्ये.

पूर्वी हे सरळ ओढ्यात सोडत.
ओढा नदीला, नदी ओद्राला.
एका ऑगस्टात वडील पुलावरून
पांढऱ्या पोटांचे मासे मोजायला लागले
आणि तीनशेनंतर मोजणं सोडून
घरी येऊन बूट न काढताच बसले.
एकतीस वर्षं जिचं खाल्लं
तिच्या मिठाला जागायचं, की नदीला?
तेव्हापासून मिठाची गुळणी धरली, ती धरलीच.

इथे नळ्या आहेत, मांडीएवढ्या जाड.
आत पडदे, नाताळातल्या खसखशीच्या
गोड गुंडाळीसारखे, थरावर थर.
पाण्याची ओढ मिठाकडे.
सोडून दिलं तर गोडं पाणी
आपण होऊन खाऱ्याकडे जाईल.
आम्ही त्याला उलटं चालायला लावतो.
सत्तर बार.
थेंब पलीकडे जातो, आणि मागे राहतं ते
आणखी खारं, आणखी हट्टी,
आणखी दाब मागणारं.
एका हद्दीपुढे पडदाच चेपतो,
जिप्सम धरतं, काटा लाल होतो.
आणि वीज?
वीज कोळशाचीच.
ह्यावर आता कँटीनमध्ये कुणी हसत नाही.

मार्चमध्ये नवी रांग बसली.
इंजिनिअर दोब्रोचना, नाकाला शेंबूड, हातात पाना,
म्हणाली, पलीकडच्या बाजूलाही मीठ सोडायचं.
ह्या बाजूपेक्षा थोडं कमी.
दोन्हीकडे खारं असलं की ओढाताण कमी,
मग आहे त्याच दाबात
पाणी पलीकडे येतं, पायरीपायरीनं.
मी पंधरा दिवस विश्वास ठेवला नाही.
रोज नोंदवहीत आकडे लिहायची,
आणि रोज खाडाखोड करायला काही निघायचं नाही.
शेवटच्या टाकीत आता उरतं
ते थोडंसं, जड,
ढवळलं तर तेलासारखं सावकाश फिरणारं.
तेवढंच उकळायचं.

रविवारी त्यातलं बाटलीभर घरी नेलं.
वडिलांनी करंगळी बुडवली, जिभेला लावली,
डोळे मिटले.
"साडेसहाशे. पूर्वेची गॅलरी.
तिथे भिंतींना घाम यायचा."
किती महिन्यांनी एवढी वाक्यं.

मी चमचा खाली ठेवला.
म्हटलं, बाबा, त्या उन्हाळ्यात
ओढ्याची झडप मी उघडायची.
पाळीच्या वहीत सही माझी आहे.

सूपवर साय धरली.
त्यांनी बाटलीचं झाकण लावलं, घट्ट,
मग पुन्हा सैल केलं.
बऱ्याच वेळानं विचारलं,
"आता दाब किती लागतो?"