हनुवटीच्या खाली

पहाटे चारला गरम पेटीतून पुडकं काढते.
सहा ओले रुमाल, क्लोरहेक्सिडीन, शंभरात दोन भाग.
बाहेर सामुद्रधुनीवरून वारा येतोय,
खिडकीची एक काच, रोजची तीच, कुरकुरतेय.
पुंता आरेनासमध्ये वाऱ्याची तक्रार कुणी करत नाही.
तो थांबला तर मात्र विचारतात, काय झालं?

खाट सात. एलिएसेर ओयार्सून, वय एकसष्ट.
खेकड्यांचे पिंजरे ओढता ओढता पाण्यात गेला.
पाण्याने सोडलं, फुप्फुसांनी धरलं.
आता त्याचा श्वास यंत्र घेतं
आणि मानेतली नळी थेट हृदयाच्या दारात उघडते.

मी यास्ना. रात्रपाळीची.
ही अंघोळच म्हणायची, पण बादली नाही,
वाफ नाही, अंगावरून ओघळणारं काही नाही.
पूर्वी आम्ही तसराळ्यात साबणाचं पाणी घ्यायचो.
मग कळलं, त्या तसराळ्यातच संसार थाटला होता त्यांनी.
जंतू हात धुऊन माणसाच्या मागे लागतात;
म्हणून आधी आम्ही आमचे धुतो,
कोपरापर्यंत, घड्याळ काढून.

पहिला रुमाल मान, खांदे, छाती.
नळीभोवती सावकाश,
आणि नळीवरूनही, अंगाला लागून असलेली वीतभर.
गेल्या हिवाळ्यात चार नंबरवर एक शाळामास्तरीण होती.
नऊ दिवस तगली. दहाव्याला ताप,
कातडीवरचेच, घरचेच जंतू,
जन्मभर कुणाच्या अध्यात ना मध्यात,
त्यांना नळीची वाट सापडली.
तिच्या टेबलावरचा चष्मा मीच पिशवीत भरला.

दुसरा हातांना, काखांना.
तळव्यांवर दोरांचे जुने वळ, आडवे.
दंडावर होडीचं नाव गोंदलेलं : ला पोर्फियादा, हट्टी बाई.
पुसलं. ती कुठे जातेय!

पोट, जांघा, पाय, मग पाठ.
पाठीसाठी पेद्रेरोसला हाक मारावी लागते,
कुशीवर वळवायला दोघं लागतात.
धुवायचं नाही वरून. पुसायचं नाही.
वाळू द्यायचं, चिकट लागलं तरी.
त्या चिकटपणातच दिवसभराचा पहारा आहे.

ओतिलिया दारात उभी आहे.
पोर्वेनीरची फेरी दोन दिवस बंद होती,
ती मध्यरात्री पोचली
आणि तिला बाकावरून उठवायला आमच्यापैकी कुणी धजावलं नाही.
हातरुमालात साबणाची वडी. हिरवी.
"छत्तीस वर्षं मी याची पाठ घासलीय," ती म्हणते.
"खेकड्यांचा वास घेऊन उंबरा ओलांडू दिला नाही कधी.
आणि तुम्ही नुसतं पुसताय?"

मी सांगते, साबण लागला की औषध मरतं.
ती वडीकडे बघते,
जणू वडीनेच काही केलंय.

मग मला सुचतं. खरं तर सुचायचं काय त्यात,
पुडक्यावर छापलेलंच असतं :
हनुवटीच्या वर हे चालत नाही.
डोळे, कान, तोंड यांना हे वर्ज्य.
तिथे साधं पाणी.
रोज ते मी दोन मिनिटांत उरकते.

निर्जंतुक पाणी कोमट करून
एक मऊ कापड तिच्या हातात देते.
ती वडी खिशात टाकते, हात धुते,
मी दाखवते तितका वेळ, त्याहून जास्त.

कपाळ. भुवया, उलट दिशेने, मग सुलट.
श्वासनळीच्या चिकटपट्टीच्या कडेकडेने,
जशी माशाच्या काट्याभोवती बोटं जातात.
कानामागे ती थांबते.
"इथे मीठ राहतं त्याच्या," म्हणते, "नेहमी."
मॉनिटरवर काही बदलत नाही. मी बघितलं.

"हे पुसू कोरडं?"
हो, चेहरा पुसा.

चार पन्नासला तक्त्यावर लिहिते, अंघोळ झाली.
ती त्याच्या गालावरून उलटा हात फिरवते,
खुंट वाढलेत.
"उद्या वस्तरा आणू?"
वस्तरा नको, मी म्हणते. कापलं की दार उघडलं.
मशीन आणा, बॅटरीवरचं.
"त्याला ते आवडत नाही," ओतिलिया म्हणते,
आणि पहिल्यांदाच त्याच्यावर चिडते.