खाट क्रमांक सहा

दोन चाळीस. देवगडची रात्रपाळी.
नाडी ठीक, ताप नाही,
कुबलतात्या झोपलेत तोंड उघडं टाकून.
पडद्यावर मात्र आकडा चढतोय:
एकसष्ट. चौऱ्याहत्तर.

डॉक्टर म्हणाले होते, आत एक जाळं आहे,
हजारो केसपेपरांच्या सुताचं;
कुठली गाठ का ओढली गेली
ते त्यालाही सांगता येत नाही.

तात्यांना उठवलं, आकडा दाखवला.
"बापूस माझो असोच.
आभाळ निवळ, आणि म्हणायचो, व्हडी फिरव.
कित्याक, ता सांगूक येयना तेका."
"खरं ठरायचं?"
"धातले चार वेळा.
बाकी बंदरार लोक हसायचे."

मी ओरोसला फोन लावला.
गाडी येईपर्यंत तात्या
चादरीच्या सुटलेल्या धाग्याला
गाठ मारत बसले.